स्वतंत्र वकिलाचा दिवस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



अशा समारंभात डॉक्टर येतात, इंजिनिअर येतात, सरकारी अधिकारी येतात. वकिलाला बोलावण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. एक तर तो ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलेल अशी भीती असते आणि दुसरे म्हणजे ‘वकिलाचे तोंड पाहायची वेळ येऊ नये’ अशी दुआ आपल्या घरांतून रोजच केली जाते. तरीही आपण मला बोलावलेत याबद्दल मी आभारी आहे. वेळेचे बंधन मी पाळीन.

पदाधिकाऱ्यांनी मला सांगितले, की आमच्या मुला-मुलींना वकिली म्हणजे काय ते समजावून सांगा. मी अदालत रोडवरच्या न्यायालयात स्वतंत्र वकिली करतो. तेव्हा कायद्याचे मोठे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून या व्यवसायातला साधा दिवस कसा जातो तेच सांगावे, असे मी ठरविले आहे.

प्रथम ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ पाहू. स्वतंत्र वकिलाला पगार नसतो, पेन्शन नसते, भरपगारी रजा नसते. त्याचा कोणी साहेब नसतो हे खरे. पण प्रत्येक पक्षकार हा त्याचा साहेब असतो. दुकानदार पाटी रंगवून जाहिरात करू शकतो, वकिलाला ती मुभा नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार त्याला जाहिरात करता येत नाही. पूर्ण वेळ पगाराची नोकरी करून वकिली करता येत नाही. ‘जमीन मिळाली तर त्यातला चौथा हिस्सा माझा’ असा करारही करता येत नाही. ज्या मालमत्तेचा दावा त्याने चालविला, ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतील लिलावात त्याला विकत घेता येत नाही. म्हणजे स्वतंत्र वकील हा बराच बांधलेला माणूस आहे, आणि ते योग्यच आहे. संकटात सापडलेल्या माणसाच्या जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीचे हात थोडे बांधलेलेच बरे.

आता दिवसाकडे वळू. वकिलाचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. उद्याच्या बोर्डावर कोणती प्रकरणे आहेत ते पाहावे लागते. पूर्वी त्यासाठी कोर्टाच्या भिंतीवरची यादी वाचावी लागे; आता ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकला की तारीख, टप्पा आणि आदेश दिसतात. पण ॲपवर तारीख दिसली म्हणजे तयारी झाली असे नव्हे. फजरनंतरचा तास-दीड तास हा माझ्या मते वकिलाचा सर्वांत मोलाचा वेळ. फोन वाजत नाही, पक्षकार येत नाहीत, फाईल शांतपणे वाचता येते.

नऊ वाजल्यापासून पक्षकार येऊ लागतात. कोणी फुलंब्रीहून, कोणी पैठणहून, कोणी खुलताबादहून. पहिला तास ऐकण्यात जातो. पक्षकार आपली हकीगत चुलत्याच्या लग्नापासून सुरू करतो आणि मुद्द्याची गोष्ट उठता उठता, दारात उभा राहून सांगतो. म्हणून नव्या वकिलाने बोलण्याआधी ऐकायला शिकावे. ‘वकीलसाहेब, एवढे तर सांगितलेच नाही’ या वाक्यानंतर जे येते, त्यावर पुष्कळदा सगळा दावा अवलंबून असतो.

अकराच्या सुमारास न्यायालय बसते. एका वकिलाची चार प्रकरणे चार वेगवेगळ्या कोर्टांत असतात आणि चारही ठिकाणी पुकारा एकाच वेळी होऊ शकतो. एका ठिकाणी साक्षीदाराची उलटतपासणी, दुसरीकडे जामीन अर्जावर युक्तिवाद, तिसरीकडे कैफियत दाखल करायची, चौथीकडे नुसती पुरसिस द्यायची. अशा वेळी ज्युनिअर धावतो, मुन्शी धावतो आणि वकीलही जिन्यावरून धावतो. चित्रपटात वकील टेबलावर हात आपटून तासभर बोलतो. प्रत्यक्षात दिवाणी न्यायालयातले बरेचसे काम कागदावर चालते आणि अर्ध्या तासाच्या उलटतपासणीमागे तीन रात्रींचे वाचन असते.

दुपारनंतर नकलेच्या अर्जाचा पाठपुरावा, कोर्ट फी, बेलिफाकडे समन्स गेले की नाही याची चौकशी, रोजनाम्यात आदेश नीट नोंदला गेला का ते पाहणे, ही कामे असतात. ती कोणाला दिसत नाहीत. पण ती राहिली तर चांगला दावा सुद्धा वर्षभर अडून राहतो. संध्याकाळी पुन्हा ऑफिस, नवे पक्षकार आणि रात्री मसुदा लिहिणे.

या सर्व धावपळीत वकिलाची झोप उडवणारी गोष्ट कोणती असेल तर ती मुदत. कायद्यात प्रत्येक हक्काला घड्याळ बांधलेले आहे. उसने दिलेल्या पैशाचा दावा साधारणपणे ३ वर्षांत करावा लागतो. मालकीच्या आधारे स्थावराचा कब्जा मागायचा तर १२ वर्षे. समन्स मिळाल्यापासून कैफियत ३० दिवसांत द्यायची; न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत. चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दिले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो वेळेवर मागावा लागतो. वकिलाची डायरी ही त्याची सर्वांत मौल्यवान वस्तू का, हे यावरून लक्षात येईल.

पालकांनो, यात आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे वाद झाला की आधी नातेवाइकांत बैठका होतात, मग मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांसमोर, मग पुन्हा नातेवाइकांत. तडजोडीचा प्रयत्न चांगलाच आहे. पण तो चालू असतानाही कायद्याचे घड्याळ थांबत नाही. ‘आपसांत मिटेल’ म्हणता म्हणता मुदत संपते आणि मग माणूस वकिलाकडे येतो. म्हणून तडजोड जरूर करा, पण पहिल्याच महिन्यात एकदा कागद दाखवून घ्या.

आता आपल्या मराठवाड्याची एक खास गोष्ट सांगतो. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची व न्यायालयांची भाषा उर्दू होती. त्यामुळे आजही जमिनीच्या, इनामाच्या आणि वक्फच्या दाव्यांत जुने उर्दू कागद निघतात. इनामाच्या चौकशीनंतर दिलेला मुन्तखब असतो, जुना सेतवार असतो, शिकस्ता लिपीत लिहिलेला निकाल असतो. त्यावर सन फसली असतो. १३५० फसली म्हणजे इसवी सन १९४०-४१, कारण फसली सनात ५९० मिळवावे लागतात. हा हिशेब चुकला तर कोणत्या कायद्याखाली कोणता हक्क होता, सगळेच चुकते. पुढे १९५० चा हैदराबाद कुळकायदा आला, १९५४-५५ चे खासरा पत्रक आले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. एकाच शेताच्या फाईलमध्ये उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे कागद एकावर एक बसलेले असतात.

हे जुने हस्ताक्षर वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. आपल्या घरांतून मुलांना उर्दू येते. ज्याला ती शिकस्ता वाचण्यापर्यंत येते, मराठी शुद्ध लिहिता येते आणि इंग्रजी समजते, अशा वकिलाला या जिल्ह्यांत कामाची वाण पडणार नाही. पण यात ‘मराठी’ हा शब्द मी मुद्दाम जोराने उच्चारतो. १९९८ पासून महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, साक्ष हे सारे मराठीत चालते. उर्दू माध्यमाच्या मुलांनी मराठीचा तास हा केवळ पास होण्याचा तास समजू नये. साक्षीदार ‘वहिवाट’ म्हणतो की ‘कब्जा’, ‘दिली’ म्हणतो की ‘वापरायला दिली’, यात फरक आहे आणि तो ज्याला ऐकू येत नाही त्याला उलटतपासणी करता येत नाही.

आता थोडे कटू, पण आपल्याच घरातले. आमच्या टेबलावर येणाऱ्या प्रकरणांत दोन प्रकार वारंवार दिसतात.

पहिला हिबा. मुस्लिम कायद्यात तोंडी बक्षीस मान्य आहे. पण त्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि कब्जा देणे. आपण पहिल्या दोन गोष्टी चार माणसांसमोर करतो आणि तिसरी विसरतो. वडील म्हणतात, ‘हे घर धाकट्याला दिले’. पण त्यांच्याच नावावर कर भरला जातो, भाडेही तेच घेतात. वडिलांच्या इंतिकालानंतर भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात आणि चाळीस वर्षे एका ताटात जेवलेली माणसे एकमेकांना खोटे ठरवतात.

दुसरा प्रकार बहिणीच्या हिश्श्याचा. शरियतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. मुलाच्या निम्मा, पण पक्का. आपण मिंबरावरून ऐकतो, की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसा दिला आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग महसूल दप्तरी वारसाचा फेरफार होताना तिचे नाव कुठे जाते? ‘तिच्या लग्नात खर्च केला’ असे सांगितले जाते. लग्नाचा खर्च हा वारशाचा हिस्सा नव्हे, असे शरियतही म्हणते आणि न्यायालयही म्हणते. आणि लक्षात ठेवा, फेरफारात नाव नसले म्हणून मालकी जात नाही. फेरफार हा महसुलासाठी असतो. वीस वर्षांनंतर ती बहीण किंवा तिची मुले येतात आणि तोपर्यंत जमिनीचे प्लॉट पडून विकले गेलेले असतात. मग तीन पिढ्या तारखा करतात. बहिणीला तिचा हिस्सा वेळेवर द्या; आम्हा वकिलांचे थोडे उत्पन्न बुडेल, त्याची काळजी करू नका.

तलाक आणि पोटगीच्या प्रकरणांबद्दलही एक सांगतो. २००२ साली आपल्याच शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात पूर्णपीठाने असा निर्णय दिला, की पतीने नुसत्या कैफियतीत ‘मी तलाक दिला आहे’ असे लिहिणे पुरेसे नाही. योग्य कारण, आधी समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष दिलेला तलाक हे त्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. त्या निर्णयाचा आधार कुरआनमधील समेटाच्या आज्ञेवर आहे. एकदम तीन वेळा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरविला, आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. ज्या घरात मुलगी शिकलेली असते, तिला हे माहीत असते. ज्या घरात नसते, तिथे तिचा अंगठा घेतला जातो.

पक्षकार म्हणून आपण कसे वागावे, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. वकिलाला खरे सांगा, विशेषतः आपल्या विरुद्ध जाणारे. ते विरुद्ध पक्षाच्या तोंडून कोर्टात प्रथम ऐकायची वेळ त्याच्यावर आणू नका. फीची पावती मागा. त्यात अपमान नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, वकिलाच्या ऑफिसात सुद्धा नाही. मूळ कागद दिले तर त्यांची यादी करून पोच घ्या. वकील बदलायचा असेल तर तो आपला हक्क आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. आणि ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली जिल्हा न्यायालयात मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, कोठडीतील व्यक्ती, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तर उत्पन्नाची अट सुद्धा नाही. आपल्या मोहल्ल्यातील किती बेवा स्त्रियांना हे माहीत आहे? या सभागृहातून जाताना प्रत्येकाने निदान एका घरी ही गोष्ट सांगावी.

आता तो नेहमीचा प्रश्न : ‘वकिलाला खोटे बोलावेच लागते ना?’ दर सभेत कोणीतरी हा विचारतो. माझे उत्तर असे. आरोपीचा बचाव करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि तो नीट सिद्ध झाला की नाही हे तपासणारा कोणीतरी हवा, नाहीतर उद्या निरपराध माणूसही आत जाईल. पण साक्षीदाराला पढवणे, खोटे प्रतिज्ञापत्र करवून घेणे, तारीख मागे टाकून कागद बनवणे, हे वकिलीत बसत नाही. असे काम घेऊन लोक येतात आणि चांगली रक्कम घेऊन येतात. नव्या वकिलाला त्या महिन्याचे भाडे द्यायचे असते. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणे कठीण असते, हे मी मान्य करतो. पण न्यायाधीशाला एकदा कळले, की या वकिलाच्या हातचा कागद तपासून घ्यावा लागतो, की मग त्याच्या खऱ्या पक्षकाराचेही नुकसान होते. वकिलाची खरी पुंजी म्हणजे त्याच्या शब्दावर कोर्टाचा असलेला विश्वास. रिज्क हलाल असावे असे आपण म्हणतो, ते धर्म म्हणून तर खरेच, पण धंदा म्हणूनही खरे आहे.

पालकांना पैशाची चिंता असते. ती रास्त आहे. पहिली तीन ते पाच वर्षे कठीण जातात. ज्युनिअरला किती विद्यावेतन द्यावे याबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये अशी शिफारस केली आहे. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, हे ध्यानात ठेवा. दुसरी बाजू अशी, की सनद घेण्याचा खर्च आता कमी झाला आहे. नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा अभ्यासक्रम, सनद आणि मग अखिल भारतीय बार परीक्षा, असा मार्ग आहे. शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. मुलाला दुकान काढून देताना आपण पहिल्या वर्षी नफा मागत नाही. वकिलीलाही तेवढीच मुदत द्या. ‘काळा कोट घालून आलास, किती आणलेस?’ हा प्रश्न रोज रात्री विचारू नका.

मुलींच्या पालकांना विशेष विनंती. १९२३ पूर्वी आपल्या देशात स्त्रियांच्या वकिलीला कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. त्यासाठी झगडणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मल्या, पुण्यात शिकल्या आणि पुढे ऑक्सफर्डला गेल्या. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झालेल्या फातिमा बीवी आपल्याच समाजातल्या. पोटगीच्या आणि घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात आपल्या बायका पुरुष वकिलासमोर खाली मान घालून बसतात आणि अर्धे बोलतात. त्यांचे उरलेले अर्धे ऐकायला आपल्याच मुली तिथे हव्यात.

आणखी एक संधी. १९८१ पूर्वी मराठवाड्यातल्या माणसाला उच्च न्यायालयासाठी साडेतीनशे किलोमीटर आणि त्याहून जास्त अंतर तोडून मुंबईला जावे लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी येथे खंडपीठाचे काम सुरू झाले. त्याच्या वैधतेला आव्हान मिळाले, पण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले आणि २७ ऑगस्ट १९८४ पासून ते कायम झाले. आज १२ जिल्ह्यांची प्रकरणे येथे येतात. नंदुरबारचा आणि नांदेडचा माणूस रात्रभर प्रवास करून आपल्या शहरात न्याय मागायला येतो, आणि आपली मुले त्या इमारतीवरून जालना रोडने रोज जातात, पण आत काय चालते ते त्यांना माहीत नसते. न्यायालय खुले असते. शिक्षकांनी परवानगी घेऊन वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना आत न्यावे, मागच्या बाकावर बसवावे आणि ऐकू द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापुढे वाट नाही असे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली मुंबईतील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले, अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे होते, १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि न्यायाधीश असताना १८९७ साली त्यांनीच लोकमान्य टिळकांना जामीन दिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९३० साली नागपुरात वकिली सुरू केली आणि १९६८ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. एवढ्या उंचीवर सर्वच जात नाहीत, जाण्याची गरजही नाही. तहसिलीच्या गावी प्रामाणिकपणे बसणारा एक वकील शेकडो घरांच्या जमिनी आणि अब्रू वाचवतो.

काय तयारी करावी, तेही सांगतो. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचा. आपल्या घरचा सातबारा, कराची पावती, खरेदीखत काढून एकदा स्वतः वाचा आणि न समजलेले शब्द लिहून ठेवा. दादाजींकडे जुना उर्दू कागद असेल तर त्यांच्याजवळ बसून तो वाचायला शिका. हा अभ्यास कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही आणि शिकवणारे फार दिवस राहणार नाहीत. आणि शिकणे कधी संपेल असे समजू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि १८६० च्या दंड संहितेची कलमे पाठ असलेल्या केस पिकलेल्या वकिलांनाही पुन्हा विद्यार्थ्यासारखे पुस्तक हातात घ्यावे लागले. वक्फ कायद्यात २०२५ साली मोठे बदल झाले, तेही नव्याने वाचावे लागले.

या व्यवसायात श्रम आहेत, अनिश्चितता आहे, कधी कधी अपमानही आहे. पण ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्या वतीने उभे राहून ‘महाराज, माझ्या पक्षकाराचे म्हणणे असे आहे’ म्हणण्याचा अधिकार त्यात आहे. आपल्या समाजाला असा अधिकार वापरणारी, अभ्यासू आणि सचोटीची मुले-मुली हवी आहेत. ती या संस्थेतून निघोत, अशी दुआ करतो.